ओतकाका

लोक कुणाच्या घरी गेले की पंख्याखालची खुर्ची बघतात. ओतकाका भेग बघतात.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले माझ्या मुलीच्या बारशाला. पाळण्यात मूल हातपाय झाडत होतं, भोवती बायका पाळणा म्हणत होत्या आणि काका कठड्यावरून अंगठा फिरवत उभे. "सागवान आहे. आदिलाबादचं," ते म्हणाले. मी मान डोलावली. आजोबांच्या वेळचा पाळणा, सागवान कुठलं ते मला काय ठाऊक! काकांचा अंगठा एका कोपऱ्यावर थांबला. "हे तडकलंय बघ. ह्यात ओतलं तर कसं दिसंल?" निघताना घुगऱ्यांची पुडी हातात घेऊन ते दारातून पुन्हा वळले. "छान आहे हो. अगदी छान." ते बाळाला होतं की पाळण्याला, हे बारा वर्षं झाली तरी आमच्या घरात ठरलेलं नाही.

'ओतलं तर' म्हणजे काय ओतलं तर, हे काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत पोराटोरांनाही विचारावं लागत नाही. कथील. पूर्वी कल्हईवाला भाता मारून, नवसागराचा धूर काढून पातेल्यात फिरवायचा तेच. काका ते पळीत वितळवतात आणि लाकडात कोरलेल्या नक्षीत, गाठीत, भेगेत, किड्यानं पाडलेल्या भोकात, जिथे म्हणून जागा सापडेल तिथे ओततात. निवलं की घासतात. शिसवीच्या काळ्या अंगावर चांदीची असावी तशी वेल उमटते. दिसते सुंदर. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे मी त्यांची बरीच चेष्टा करणार आहे.

त्यांचं खरं नाव पोस्टमनला आणि पेन्शनवाल्या बँकेला माहीत आहे. बाकी निंबोळीअड्ड्यापासून चप्पल बाजारापर्यंत ते ओतकाका. वय त्र्याऐंशी. पांढरा लेंगा, त्यावर गुडघ्यापाशी बारीक भोकं. ती भोकं कसर लागल्याची नव्हेत.

काका राहणारे काचीगुड्याचे, पण माणूस लालागुड्याचा. निजामाच्या रेल्वेचा डबे दुरुस्त करण्याचा कारखाना तिथे 1893 पासून आहे आणि काकांची सगळी हयात त्यात गेली. त्यामुळे रेल्वे म्हणेल ती पूर्व दिशा. आम्ही मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या 'काचीगुडा' म्हणत आलो, पण स्टेशनच्या पाटीवर 'काचेगुडा' आहे, म्हणून काका पत्त्यात 'काचेगुडा' लिहितात आणि लग्नपत्रिकेत कुणी 'काचीगुडा' छापलं की ती चूक लाल पेनानं दुरुस्त करून मगच कपाटावर ठेवतात. ते स्टेशन 1916 सालचं. घुमट, मिनार, कमानी, सगळा निजामी थाट. पाहुणे आले की काका त्यांना चारमिनारच्या आधी तिथे नेतात आणि घुमट न दाखवता वेटिंग रूमचे दरवाजे दाखवतात.

तर लालागुडा. जुन्या डब्यांना आजच्यासारखी रोलर बेअरिंगं नसत. आसाच्या टोकावर पितळेचा एक जाड तुकडा बसायचा. कारखान्यात त्याला नुसतं 'ब्रास' म्हणत. ब्रासच्या पोटाला कथील किंवा शिसं आणि त्यात अँटिमनी, म्हणजे सुरम्याचा धातू, अशा मिश्रणाचा मऊ थर. ही युक्ती आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसाची, 1839 सालची; काका त्याचा उल्लेख 'बॅबिटसाहेब' असा करतात, जणू साहेब खालच्या मजल्यावर राहतो. आस कडक, ब्रास कडक. दोघांत घासाघीस नको म्हणून मध्ये हा मवाळ माणूस. तेल आटलं, आस तापला, की आधी हा वितळायचा. त्याला म्हणायचं 'हॉट ॲक्सल', आणि मग गाडी असेल तिथे उभी.

काकांचं काम हा थर ओतण्याचं. जुना थर वितळवून काढायचा, ब्रासला कथलाचा पातळ हात द्यायचा, साच्यात धरायचा आणि ओतायचं. "एका दमात," काका हवेत पळी धरून दाखवतात. "मधात थांबलास की सांधा राहिला. सांधा राहिला की अजिंठा एक्सप्रेस मनमाडला जात नाही बावा, परभणीला उभी राहते. आन् मग मनमाडहून फोन येतो, ब्रास कुणी भरला म्हणून." तो फोन आपल्या नावानं कधी आला नाही, हे ते सांगत नाहीत, पुढे मुद्दाम थांबतात. आपण विचारायचं असतं.

मग सगळीकडे रोलर बेअरिंग आलं. मनमाड लाईनचं मीटरगेज गेलं. ओतायचं काम कमी होत होत संपलं आणि काकांना एका टेबलाशी बसवून रजिस्टर दिलं. निवृत्त झाले तेव्हा हातात नारळ, गळ्यात हार आणि मनगटात न ओतलेला पुष्कळसा धातू होता. घरी आले. तिसऱ्या दिवशी देवघरातल्या पाटाची भेग दिसली.

इथपर्यंत कुणाचं नुकसान नव्हतं.

पाट झाला, चौरंग झाला, काठीची मूठ झाली. उंबऱ्यावर सूर्य-चंद्र उमटले. जपाच्या माळेचा मेरुमणी झाला, तो इतका जड की काकूंची माळ जपताना आपोआप खाली ओढली जाऊ लागली. काकूंनी पोळपाटावर मात्र हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्याला शिवलात तर पोळ्या तुम्ही लाटायच्या." पोळपाट वाचला. त्याच दिवशी त्यांनी ती म्हण पहिल्यांदा वापरली. कोणती, ते सांगायला नको. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पुढची वीस वर्षं ती म्हण त्या घरात मिठासारखी रोज लागली. पेन्शनीतून कथील आलं की म्हण. सोन्याचा भाव पेपरात आला की म्हण.

कथील स्वस्त नाही, हे काकूंचं दुखणं. तांब्यापेक्षा कितीतरी महाग. ते आणायला काका बेगमबाजारात जातात. मी एकदा बरोबर गेलो होतो, पुन्हा जाणार नाही. दुकानदारानं कांडी पुढे केली. काकांनी ती दोन्ही हातांनी धरली, कानाशी नेली, डोळे मिटले आणि हळूच वाकवली. करर्र असा बारीक आवाज आला, ओल्या वाळूवर पाय पडल्यासारखा. "ऐक, रडू लालंय," काका म्हणाले. शुद्ध कथील वाकवलं की आतले स्फटिक झटक्यानं आपली मांडणी बदलतात आणि असं कुरकुरतं. शिसं मुकं असतं, कितीही वाकवा. काकांनी एकेक करून नऊ कांड्या रडवल्या. दुकानात भांडी घ्यायला आलेलं एक आख्खं वऱ्हाड वाट बघत उभं. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "चचा, सब रोते ना. कित्तों को रुलाते?"

घरी आल्यावर खरं काम. काकांचा साथीदार म्हणजे गल्लीच्या तोंडावरचा वडला, तेलुगू सुतार. तो नक्षी कोरून देतो. पितळ कथलाला मिठी मारतं, लाकूड साधा रामराम करत नाही. कितीही ओता, कथील लाकडाला चिकटत नाही. म्हणून खाच तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद कोरायची, रांजणासारखी. आत गिरमिटानं दोन-चार तिरकी भोकं पाडायची. कथील आत जातं, थिजतं, आणि मग बाहेर यायला वाट नसते. "जावयासारखं," काका म्हणतात. वडल्याला हे पटलं, कारण पटाशी त्याची. पुढचं अजून पटलेलं नाही. स्टोव्ह पेटला की तो दोन पावलं मागे सरतो. "काका, लकडी जली तो मेरेकु नक्को बोलना."

आणि लाकूड थोडं जळतंच. कथील 232 अंशाला वितळतं, आणि ओतायचं म्हणजे त्याहून जरा वर न्यावं लागतं. तेवढ्यानं खाचेच्या कडेला तपकिरी रेघ उमटते. काका तिला 'सावली' म्हणतात आणि ती मुद्दाम आणली असं सांगतात. एकदा ही सावली चौरंगाच्या एका पायावरून दुसऱ्या पायापर्यंत पोचली होती. तेव्हाही ती मुद्दामच होती.

धातू पुरेसा तापला की नाही हे बघायला कारखान्यात लाकडाची काडी बुडवायचे. काडी करपली पाहिजे, पेटता कामा नये. काका त्यासाठी घरातल्या हिराच्या झाडूची काडी उपटतात. एका ओतण्याला तीन-चार. काकूंचा झाडू दसऱ्याला नवा येतो आणि संक्रांतीला त्याला टक्कल पडलेलं असतं.

एके दिवशी पाऊस होता म्हणून स्टोव्ह गच्चीवरून स्वयंपाकघरात आला. पाटावर कमळ कोरलेलं, पण एक पाकळी कडेपर्यंत गेलेली. ओतलेलं वाहून जाऊ नये म्हणून बांध घालायला हवा. कारखान्यात माती असते. इथे ओट्यावर परातीत कणीक झाकून ठेवलेली होती. काकांनी लिंबाएवढा गोळा तोडला, वळला आणि पाकळीच्या तोंडाशी छान चिकटवला. काडी करपली. पळी उचलली. "एका दमात," काका म्हणाले.

कणकेत पाणी असतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळा-सतराशेपट जागा मागते आणि मिळाली नाही तर घेते. फाट्कन आवाज झाला. पाट जागेवर राहिला, कमळ गेलं. पळी धरलेला हात तसाच, पुतळ्यासारखा. चष्म्याच्या काचांवर दोन चंदेरी थेंब चमकत होते, आणि चष्मा नसता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. काकू धावत आल्या. आधी नवऱ्याचे डोळे बघितले, मग परात बघितली, मग वर बघितलं. छताला तीन ठिपके. ते आजही आहेत. काकू पाहुण्यांना दाखवतात, "सप्तर्षी आहेत. चार यायचे राहिलेत."

कुणी म्हणेल, बिदर इथून दीडशे किलोमीटरसुद्धा नाही, तिथे जाऊन नीट शिकावं. काका जाऊन आले. बिदरी कारागीर जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरतात, तिच्यात चांदीची तार ठोकून बसवतात आणि शेवटी किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून भांडं काळं करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. काकांनी दोन तास उकिडवं बसून सगळं पाहिलं आणि परत येताना बसमध्ये निकाल दिला, "धातूत धातू कुणीही भरंल. लाकडात भरून दाखवा म्हणावं." 2023 साली बिदरच्या शाह रशीद अहमद कादरींना बिदरीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा काकांनी पेपरातला फोटो कापून पंचांगात ठेवला. द्वेष नाही, पण हिशेब ठेवलेला बरा.

सालारजंग म्युझियममध्ये बिदरीचे हुक्के, सुरया, पानदान खूप आहेत. काकांना तिथे घेऊन गेलो तर ते हुक्क्यांवरून भराभर पुढे गेले आणि त्या प्रसिद्ध दुतोंडी लाकडी पुतळ्याशी थांबले. एकाच ओंडक्यात पुढून मेफिस्टोफेलीस, मागून मार्गारेटा. लोक आरशात मागची बाजू बघत होते. काका वाकून पायथ्याशी काहीतरी शोधत होते. पहारेकऱ्यानं विचारलं, "क्या होना, चचा?" काका सरळ झाले आणि खट्टू होऊन मला म्हणाले, "काहीच तडकलं नाही रे."

काकांचा एक भाचा रसायनशास्त्र शिकवतो. त्यानं मामाच्या वाढदिवसाला डबीत एक मिश्रधातू आणून दिला. नाव वुड्स मेटल. काका हरखले, की बघा, खास लाकडासाठी केलेला धातू! भाच्यानं समजावलं की वुड म्हणजे लाकूड नव्हे, वुड आडनाव आहे. बार्नबस वुड, अमेरिकेतला दातांचा डॉक्टर, 1860 साली त्यानं बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम मिसळून हा बनवला. 70 अंशाला वितळतो. म्हणजे चहाच्या आधणातसुद्धा पाणी होतं त्याचं. "पण मामा, शिसं आहे, कॅडमियम आहे. खाण्यापिण्याच्या वस्तूंना लावायचा नाही. नुसता बघायला आणलाय." मामांनी त्यातलं '70 अंश' एवढंच ऐकलं. लाकूड करपणार नाही. सावली पडणार नाही. काकूंच्या झाडूलाही अभय.

गणेशोत्सव आठ दिवसांवर आला होता. काकांनी मंडळाला आरतीचं लाकडी तबक करून द्यायचं जाहीर केलं. वडल्यानं शिसवीत गणपती कोरला, आणि खरंच सांगतो, इतकं देखणं काम त्या दोघांनी आधी केलं नव्हतं. सोंड डावीकडे वळलेली, हातात मोदक, डोळा बारीक. काकांनी उकळत्या पाण्यात पळी धरून धातू वितळवला आणि एका दमात ओतला. कडा स्वच्छ. मंडळानं तबकावर लाल कापड टाकून ते पहिल्या दिवशी अध्यक्षांच्या हातात दिलं.

तबकात मधोमध कापूर लावायचं पितळी पात्र ठेवलेलं. आरत्या तुम्हाला माहीत आहेत, एक संपली की कुणीतरी दुसरी सुरू करतो आणि मग प्रत्येकाला आपल्या आजोळची आठवते. हैदराबादेत तर मराठी म्हणायची संधी वारंवार येत नाही, त्यामुळे लोक विठ्ठलापर्यंत थांबत नाहीत. कापूर पुन्हा पुन्हा घातला जात होता. अध्यक्ष भान हरपून तबक ओवाळत होते, डावीकडून उजवीकडे, जरा तिरपं. पाचव्या आरतीला त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर काहीतरी गरम पडलं. त्यांना वाटलं, तेल. सहाव्या आरतीला पुजाऱ्यानं तबकाकडे बघितलं आणि त्याचा सूर गेला.

पितळी पात्र उचललं. सोंड जागेवर नव्हती. ती पातळ होऊन पोटावरून खाली उतरली होती, कडेला जाऊन वर वळली होती आणि तिथे निवून थिजली होती. मोदकाचा पसरून गोळा झाला होता, उचललेल्या हातात. पुढच्या रांगेतल्या पोरानं सगळ्यांच्या आधी ओळखलं.

"मारुती!"

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो. ती डोळ्यांनी बघायला मिळालेली माणसं थोडी असतील. काका एवढंच म्हणाले, "हॉट ॲक्सल." आणि खाली बसले. तबक भाच्याकडे परत गेलं. तेव्हापासून मामाला शुद्ध कथलाशिवाय काही द्यायचं नाही, असा घरात ठराव आहे.

आठवडाभर गच्चीवर स्टोव्ह पेटला नाही. गल्लीत चुकल्याचुकल्यासारखं झालं. लोक उगाच काकांच्या घरावरून जाताना उंबऱ्याकडे बोट दाखवून 'इथं जरासं तडकलंय का हो?' असं विचारू लागले. मीही गेलो. सरळ पाळणा घेऊन गेलो. बारा वर्षं झाली होती, मूल कधीच उतरलं होतं त्यातून. काकांनी अंगठा फिरवला, कोपऱ्यावर थांबवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाळलेलं आहे ना नीट? ओल असंल तर उडतं बघ." छताकडे बघायचं दोघांनीही टाळलं.

काकांना आता ओतण्याइतकीच काळजी ओतलेल्याची असते. कथलाला थंडी बाधते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं आहे. ते खरंही आहे. 13 अंशाच्या खाली पांढरं कथील हळूहळू करड्या भुकटीत बदलू लागतं. मात्र त्याला खरी युरोपातली, उणे अंशातली थंडी लागते. हैदराबादेत डिसेंबरच्या पहाटे पारा तेरापर्यंत येतो आणि नऊ वाजता उन्हानं पाठ भाजते. तरी काका डिसेंबरभर चौरंगावर शाल घालतात. स्वतः मात्र बनियनवर पेपर वाचत बसतात.

मागच्या वर्षी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मुलांनी पुण्याहून फोन केला, आईला सोन्याच्या पाटल्या करू. काका म्हणाले, मी बघतो. दोन महिने गच्चीचं दार आतून बंद. कानशीचा आवाज येत राहायचा. कथलानं कानशीचे दात भरतात, म्हणून काका तिला आधी खडू फासतात; गच्चीच्या पन्हाळीतून त्या दिवसांत पांढरं पाणी यायचं. सँडपेपरला ते हात लावत नाहीत. फिक्या लाकडावर त्यानं करडा डाग धरतो, आंब्याच्या लाकडाचा एक चौरंग त्यापायी पेन्सिलीनं गिरवल्यासारखा झाला होता.

वाढदिवसाच्या सकाळी त्यांनी काकूंसमोर ठेवला तो शिसवीचा वाळा. काळाभोर, गुळगुळीत, आणि बाहेरून सबंध फेरीत एक वेल, गव्हाच्या दाण्याएवढी पानं, कुठे सांधा नाही. सावली नाही. काकूंनी तो उलटापालटा केला, उजेडात धरला. तोंडातली म्हण बाहेर यायच्या बेतात होती. आली नाही. वाळा हातात गेला, आणि अंघोळीलासुद्धा निघेना.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बायकोला आणायला गेलो होतो, दारातच उभा होतो. बरकतपुऱ्याच्या एक बाई वाण घेता घेता काकूंच्या मनगटाकडे बघत राहिल्या.

"चांदीचं काम किती नाजूक आहे हो! कुठल्या सोनाराकडचा?"

काकूंनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

"लालागुड्याच्या."